सम, मॅक्स, लिस्ट अचानक 'नॉट कॉलेबल' म्हणू लागले तर

"सर, काल तर चालू होतं की! आज बेरीजच करंना."

दर बॅचला, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी, हे वाक्य येतंच. मी अंबाजोगाईत संध्याकाळी सात-आठ पोरांना पायथन शिकवतो. बोलणारं पोरगं बदलतं, लॅपटॉप बदलतो, तक्रार तीच. यंदा ती धारूरकडच्या एका पोरीनं आणली. तिचे वडील मुकादम, त्यामुळं ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब घरातच. वजनकाट्याच्या पावत्या वहीत लिहून बेरीज करण्यापेक्षा पायथनमध्ये करू, असं तिनं मनावर घेतलं होतं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी वडिलांचा मला फोन : "सर, पोरगी म्हणती कम्प्युटर बेरीज विसरला."

पडद्यावर लाल अक्षरांत शेवटची ओळ होती :

टाईपएरर : 'फ्लोट' ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल

फ्लोट म्हणजे दशांश आकडा; 'नॉट कॉलेबल' म्हणजे काय ते पुढं येतंच. आधी एक खुलासा. इथं मी आज्ञांची नावं देवनागरीत लिहितोय. मशीनवर सम, मॅक्स, हेल्प, राउंड ही सगळी इंग्रजीत आणि लहान लिपीत टाइप करायची. मोठं अक्षर आलं तर पायथनला ते नाव वेगळं वाटतं.

घाईत असाल तर एवढंच करा

शेलमध्ये, म्हणजे ओळ टाइप केली की लगेच चालते त्या खिडकीत, 'डेल सम' टाइप करून एंटर मारा. मग 'सम(खेपा)' पुन्हा चालवा (खेपा म्हणजे तुमची आकड्यांची यादी). चाललं? मग तुमचा आजार तोच. ज्या ओळीत तुम्ही 'सम = ' असं काही लिहिलंय, ती शोधून नाव बदला, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा इथंच याल. गडबड मॅक्सची असेल तर 'डेल मॅक्स', लिस्टची असेल तर 'डेल लिस्ट'.

'डेल' दुसऱ्यांदा मारलं तर नेमएरर येतो, सम नावाचं काही नाहीच म्हणून. घाबरू नका. तुम्ही ठेवलेलं सम गेलं, एवढाच त्याचा अर्थ. पायथनचं मूळ सम असं पुसलं जात नाही, ते जागेवरच असतं.

झालं काय होतं

पोरीची फाईल उघडली. पहिल्या दिवशी लूप शिकवताना मीच फळ्यावर लिहिलेलं होतं :

खेपा = [9.875, 11.340, 10.205]
सम = 0
फॉर वजन इन खेपा:
    सम = सम + वजन

तीन ट्रॉल्यांचं वजन 31.42 टन. बरोबर. तिसऱ्या दिवशी मी ऐटीत सांगितलं की एवढं लिहायची गरजच नाही, पायथनमध्ये बेरजेचं फंक्शन तयार आहे. तिनं खाली 'सम(खेपा)' लिहिलं आणि सगळं अडलं.

पायथनमध्ये दोन जातीची नावं तयार मिळतात. इफ, फॉर, व्हाइल हे राखीव शब्द. त्यांना किंमत द्यायला जा, पायथन तिथंच सिंटॅक्सएरर देऊन थांबवतो. दुसरी जात बिल्ट-इन फंक्शनची : प्रिंट, लेन, सम, मॅक्स, मिन, राउंड, सॉर्टेड, टाईप, इनपुट अशी सत्तरच्या आसपास. ही राखीव नाहीत. 'सम = 0' लिहिलं की पायथन हूं की चूं करत नाही. सम नावाच्या खुंटीला तुमचा शून्य अडकवतो. लूप संपेपर्यंत त्या खुंटीला 31.42 लटकत असतं. मग 'सम(खेपा)' म्हणजे '31.42(खेपा)'. आकड्याला काम कसं सांगणार? 'नॉट कॉलेबल' म्हणजे एवढंच : ही वस्तू काम सांगण्यातली नाही.

मूळ सम कुठं गेलं मग? कुठंच नाही. घरात 'आण्णा' अशी हाक मारली तर गावातले दहा आण्णा येत नाहीत, घरातला एक ओ देतो. घरात आण्णा नसेल तरच हाक गल्लीत जाते. पायथन नाव शोधतो ते असंच : आधी चालू फंक्शनच्या आत, ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात असेल तर त्या बाहेरच्यात, मग फाईलमध्ये, आणि सगळ्यात शेवटी बिल्ट-इनच्या गावात. फाईलमध्येच सम भेटलं की गावापर्यंत हाक पोचतच नाही. 'डेल सम' म्हणजे घरातला आण्णा बाहेरगावी पाठवणं.

ही सवय येते कुठून, तर बहुतेक सी भाषेतून. आपल्याकडं पॉलिटेक्निक असो की बीसीए, बेरजेचा पहिला प्रोग्रॅम सीमध्ये होतो आणि त्यात व्हेरिएबलचं नाव 'सम' ठरलेलं. सीमध्ये सम नावाचं तयार फंक्शनच नाही, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तीच वही घेऊन पोरं पायथनला येतात. मीही त्याच वहीतून आलोय, म्हणून फळ्यावर हात आपोआप तसाच चालला. दोष पोरीचा कमी, माझा जास्त.

पुन्हा पुन्हा का होतं

हा आजार गेल्यासारखा वाटतो आणि परत येतो.

मागच्या वर्षी एका पोरानं याच एररसाठी पायथन तीनदा काढून टाकून पुन्हा टाकलं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, अर्धा दिवस घालवून. आणि गंमत म्हणजे दर वेळी 'बरं' झालं! नव्यानं टाकल्यावर शेल नव्यानं सुरू होतं, जुनी नावं स्मरणातून जातात, सम जागेवर येतं. मग तो तीच फाईल उघडायचा, तीच ओळ चालवायचा, आणि पुन्हा आडवा. नुसतं शेल रिस्टार्ट केलं असतं तरी तेवढंच झालं असतं. आयडलमध्ये, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या एडिटरमध्ये, त्याला कंट्रोल आणि एफ-6 पुरतं. नोटबुक (कोड तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे सेलनं, चालवायची सोय) वापरत असाल तर कर्नल रिस्टार्ट. पण रिस्टार्ट हे औषध नव्हे, ताप उतरवायची गोळी आहे.

याहून फसवी ओळ ही :

सम = सम(खेपा)

ही पहिल्यांदा चालते. बरोबर उत्तर देते. उजवीकडचं सम अजून फंक्शन असतं, उत्तर आल्यावर ते नाव आकड्याला जातं. नोटबुकमध्ये तोच सेल दुसऱ्यांदा चालवला की 'नॉट कॉलेबल'. पोरगं शपथेवर सांगतं, "सर, एक अक्षर बदललं नाही." खरंच बदललेलं नसतं. आणि हीच ओळ तुम्ही स्वतःच्या फंक्शनच्या आत लिहिली तर पहिल्यांदासुद्धा चालत नाही, अनबाउंडलोकलएरर येतो. कारण आत कुठंही 'सम = ' दिसलं की पायथन त्या फंक्शनपुरतं सम हे घरातलंच नाव धरतो, आणि घरातल्याला अजून किंमतच मिळालेली नसते.

पक्का इलाज नाव बदलणं. मी आता पोरांना मराठी नावं द्यायला लावतो : एकूण, वजन, खेपा, मोठं, यादी, उचल. इंग्रजी अक्षरांत लिहा, नाहीतर थेट देवनागरीत. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. करून पाहा : 'एकूण = सम(खेपा)'. कळफलक सारखा बदलत बसायचा कंटाळा येतो म्हणून मी स्वतः रोमनमध्ये लिहितो, पण 'एकूण' नावाचं फंक्शन पायथनमध्ये नाही, त्यामुळं टक्कर व्हायचा प्रश्नच मिटतो. मोठ्या कंपनीत गेल्यावर इंग्रजी नावं द्या, तेव्हा तुम्हाला कोणती टाळायची हे कळलेलं असेल.

आयडलमध्ये एक फुकटचा पहारेकरीही आहे. बिल्ट-इन नावं तो जांभळ्या रंगात दाखवतो. तुम्ही नवीन व्हेरिएबलचं नाव टाइप केलं आणि ते जांभळं झालं, तर ते घर दुसऱ्याचं आहे.

पायथनलाच विचारा

एवढ्या गोंधळात पोरीनं काय केलं नाही, तर पायथनलाच विचारलं नाही. दोन प्रश्न पुरे होते.

'टाईप(सम)' म्हटलं असतं तर उत्तर 'फ्लोट' आलं असतं. फंक्शन असतं तर 'बिल्ट-इन फंक्शन ऑर मेथड' आलं असतं. अर्ध्या सेकंदात निकाल.

दुसरा, 'हेल्प(सम)'. नाव जोपर्यंत खरं आहे तोपर्यंत ही आज्ञा चार-सहा ओळींत समची माहिती देते. नाव आकड्याला गेलं असेल तर ती फ्लोट या प्रकाराची सगळी वंशावळ छापते, आमच्या अंबाजोगाईच्या, दासोपंतांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीएवढी लांब. आयडल ती गुंडाळून एक छोटी पट्टी दाखवतो, डबल क्लिक केलं की उलगडते. समबद्दल विचारल्यावर फ्लोटची पोथी उघडली, हेच निदान.

हेल्पला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडं डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाईट नाही, टॉवरही मान टाकतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर हेल्प चालतंच.

वापरताना पोरं ज्या तीन ठिकाणी अडखळतात ती सांगतो. फंक्शनच्या नावापुढं कंस द्यायचे नाहीत : 'हेल्प(राउंड)' म्हणा. 'हेल्प(राउंड())' म्हटलं तर पायथन आधी राउंड चालवायला जातो आणि 'आकडा कुठाय' म्हणून एरर देतो. राखीव शब्दांची माहिती हवी असेल तर अवतरणचिन्हात : हेल्प('फॉर'). आणि काळ्या खिडकीत हेल्प उघडून खाली 'मोअर' किंवा 'एंड' असं अडून बसलं, तर क्यू दाबा. माझ्या एका विद्यार्थ्यानं दर वेळी खिडकीच बंद करून महिना काढला होता.

हेल्पची भाषा कशी वाचायची

अडचण इंग्रजीची नाही, चार शब्दांची आहे. समची हेल्प उघडली की पहिली ओळ अशी : सम(इटरेबल, /, स्टार्ट=0). इटरेबल म्हणजे ज्यातून एकेक वस्तू काढता येते असं काहीही, पोत्यासारखं. यादी चालते, सुटा आकडा चालत नाही. तिरप्या रेघेचा अर्थ, तिच्या आधीची गोष्ट नाव न लिहिता नुसती द्यायची. स्टार्ट=0 म्हणजे बेरीज शून्यापासून सुरू होईल, तुम्हाला हवं तर बदला. पोरीच्या वडिलांनी आदल्या दिवशीचे 84 टन पुढं ओढायचे म्हटले तर सम(खेपा, 84). फॉरशिवाय, जादा ओळीशिवाय.

ही एक ओळ वाचली असती तर दुसरी नेहमीची तक्रारही आली नसती. 'मॅक्स(9.875, 11.340)' चालतं, मग 'सम(9.875, 11.340)' का चालत नाही? कारण मॅक्स पोतंही घेतो आणि सुटे दाणेही, समला पोतंच लागतं. दोन आकडे दिले की तो म्हणतो 'फ्लोट ऑब्जेक्ट इज नॉट इटरेबल'. तीन दिले तर म्हणतो, जास्तीत जास्त दोन घेतो. एरर वेगवेगळे, चूक एकच.

चौथा शब्द रिटर्न. प्रिंट पडद्यावर दाखवतं, रिटर्न हातात देतं. पावती खिडकीतून दाखवणं वेगळं आणि हातात ठेवणं वेगळं. 'उत्तर = प्रिंट(एकूण)' असं लिहिलंत तर उत्तरात 'नन' येतं, म्हणजे काहीच नाही. 'खेपा = खेपा.सॉर्ट()' मध्येही हेच. सॉर्ट यादी जागच्या जागी लावतं, हातात काही देत नाही, आणि तुमच्या खेपांच्या जागी नन येऊन बसतं. नवी यादी हवी तर 'सॉर्टेड(खेपा)'.

नाव बरोबर, तरी उत्तर चूक

इथं एरर येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. पोरीनं नाव बदललं, प्रोग्रॅम चालू लागला. पावत्या आता ती इनपुटनं भरून घेत होती. सगळ्यात मोठी खेप कोणती ते विचारलं. मॅक्सनं उत्तर दिलं : 9.875. अकरा टनाची ट्रॉली समोर यादीत असताना!

इनपुट जे देतं ते आकडा नसून मजकूर असतो, तुम्ही आकडे टाइप केले तरी. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिल्या अक्षरापासून. नऊ हे अक्षर एकाच्या पुढं येतं, म्हणून '9.875' मोठा आणि '11.340' लहान. मॅक्सनं विचारलं तेच सांगितलं. त्याच यादीवर सम चालवलं तर मात्र एरर येतो : प्लससाठी 'इंट' (पूर्णांक) आणि 'एसटीआर' (मजकूर) जुळत नाहीत. यादीत इंट एकही नसताना इंट आला कुठून? स्टार्ट=0 आठवा. शून्यात पहिली पावती मिळवायला गेला आणि तिथंच अडला. हेल्पमधली ती एक ओळ इथं एररचा अर्थ लावून देते, म्हणून मी ती फळ्यावरून पुसतच नाही.

इलाज : भरतानाच 'फ्लोट(इनपुट())' करा. एक छान गोष्ट, फ्लोटला देवनागरी आकडेही कळतात. '११.३४०' दिलं तरी 11.34 होतं. पण '11.340 टन' किंवा स्वल्पविराम घातलेलं '1,250' त्याला चालत नाही, व्हॅल्यूएरर देतो.

राउंडचं जरा पुढचं. मुकादमांना अर्धा टन वर धरायची सवय. राउंड(3.5) चार देतं, ठीक. राउंड(2.5) दोन देतं! बरोबर मध्यावरचा आकडा पायथन जवळच्या सम, म्हणजे दोननं भाग जाणाऱ्या, संख्येकडं नेतो, म्हणून. बेरजेत दर वेळी वरच ढकलत गेलं तर हिशोब फुगतो, त्यासाठीची ही पद्धत आहे. पण हेल्प(राउंड) मध्ये हे लिहिलेलं नाही. तिथं हेल्प संपते आणि पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचं बिल्ट-इन फंक्शनचं पान उघडावं लागतं, तिथं हे स्पष्ट दिलंय. पैशाचा हिशोब असेल तर डेसिमल मॉड्यूल वापरा आणि अर्धा वर धरायचा नियम त्याला स्वतः सांगा. मजुरांच्या उचलीतून कापायचे पैसे राउंडच्या भरवशावर सोडू नका.

माणसाला विचारायचं तर

हेल्प झाली, टाईप पाहिला, तरी अडलंय. मग विचारा, लाजू नका. फक्त असा फोटो पाठवू नका ज्यात लॅपटॉप तिरका, पंख्याची सावली आणि एररची शेवटची ओळ कापलेली. मला रोज दोन तरी येतात. पायथनचा एरर खालून वर वाचायचा असतो. शेवटची ओळ सगळ्यात कामाची, तीच कापलेली!

मजकूर कॉपी करून पाठवा, 'ट्रेसबॅक' या एररच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग तो एरर येईल एवढाच छोटा प्रोग्रॅम वेगळ्या फाईलमध्ये करून पाहा. दोनशे ओळींतल्या चार ठेवा. निम्म्या वेळा हे करतानाच चूक सापडते आणि मेसेज पाठवायची वेळ येत नाही. पायथनची आवृत्ती लिहा, कारण नव्या आवृत्त्यांत एररची भाषा बदललीय. उदाहरणार्थ गणितासारखं '2(3+4)' लिहिलं, गुणाकाराचं चिन्ह विसरून, तरी हाच 'नॉट कॉलेबल' येतो, पण 3.8 पासून पुढं पायथन आधी एक सूचनाही देतो की मध्ये काही राहिलं का बघा.

एआयला विचारत असाल तर तेच. नुसती लाल ओळ टाकली तर तो अंदाज बांधतो. 'सम = ' ही ओळ वर चाळीस ओळी आधी असते, ती त्याला दिसलेलीच नसते. पूर्ण कोड द्या.

एक भावकीतलाच आजार राहिला. फाईलला पायथनच्या तयार मॉड्यूलचं नाव, 'रँडम' किंवा 'टर्टल', दिलंत आणि आत 'इम्पोर्ट रँडम' लिहिलंत, तर पायथन तुमचीच फाईल आणून तुम्हाला देतो आणि मग म्हणतो यात रँडइंट (मूळ रँडममधलं एक फंक्शन) नाही. पुन्हा घरातला आण्णाच. फाईलचं नाव बदला.

पोरीच्या फाईलचं नाव आता 'टोळी' आहे, बेरजेचं 'एकूण'. परवा वडिलांनी फोनवर विचारलं, गाडीच्या खेपा वेगळ्या आणि ट्रॉलीच्या वेगळ्या दाखवता येतील का. मी म्हटलं, "आण्णा, तिलाच विचारा. मला विचारलं तर मी तिला हेल्प उघडायला सांगणार."